कलम सहा मान्य

तिला सगळे टीपमावशी म्हणत. कुणाचं काहीही बिघडलं की "आण इकडे, एक टीप मारून देते" ही तिची सवय. मग ते फाटकं दप्तर असो नाहीतर शेजारच्या नवराबायकोचं भांडण. एकतीस वर्षं ती एकाच दुकानात शाळेचे गणवेश शिवत होती. आसपासच्या चार गल्ल्यांतली निम्मी माणसं तिच्या हातच्या चड्ड्या घालून मोठी झालेली. त्यांतली काही आता कपाळाला आठ्या घालून तिच्याशी मोठ्या साहेबासारखी बोलत, तेव्हा ती मनातल्या मनात त्यांच्या चड्डीची जुनी मापं आठवून हसायची.

दुकान म्हणजे पुढे एक अरुंद गाळा. त्यात काउंटर आणि कापडाचे ठाण, गिऱ्हाईक आलं की दुसऱ्याने पोट आत घ्यावं एवढीच जागा. पण गाळ्याच्या मागे एक खोली होती, आणि खरं दुकान ते. तीन मशीन, इस्त्रीचं टेबल, आणि कापणीचं एक भलंथोरलं टेबल. ते सुताराने खोलीतच जोडलं होतं, त्यामुळे दारातून बाहेर काढायचं तर करवतच लागली असती. खोलीला मोठी खिडकी. तिच्यातून दिवसभर असा सारखा उजेड यायचा की काळ्या कापडावर काळी टीप घालतानाही डोळे ताणावे लागत नसत. ती खोली गेली तर दुकान गेलं, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि तीच खोली मागायला कागद आला.

आला तेव्हा मावशी दोऱ्याची रिळं आणायला बाजारात गेली होती. काउंटरवर तिचा नवरा बसलेला. तो टपालखात्यातून निवृत्त झालेला पोस्टमन, आणि अजूनही सगळे त्याला पोस्टमनच म्हणत. तीस वर्षं त्याने ऊन बघितलं नाही, कुत्री बघितली नाहीत, पत्र पोचवलं. जगातल्या बाकी कशातही त्याला गती नव्हती, पण टपालाच्या नियमांत त्याचा हात कुणी धरला नसता. कोर्टाचा बेलिफ लांबोडका लखोटा घेऊन उभा राहिला. पोस्टमनने शिक्का पाहिला, बायकोचं नाव पाहिलं, आणि हे पत्र घरात नको असं ठरवून टाकलं. मग त्याला आपली विद्या आठवली. नको असलेलं पत्र कसं परत पाठवतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याने पेन काढलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं, "घेण्यास नकार". खाली तारीख, वेळ आणि झोकदार सही.

बेलिफ म्हणाला, "बघा बरं, नक्की?"

"नक्की," पोस्टमन म्हणाला. "पाठवणाऱ्याला परत."

बेलिफ लखोटा घेऊन गेला. पोस्टमनने बायकोला एका शब्दानेही सांगितलं नाही. उगाच तिच्या डोक्याला घोर कशाला? आपण घरावरचं संकट परस्पर परतवलं, या खुशीत त्या दिवशी त्याने न सांगता इस्त्रीचे कोळसेही भरून ठेवले. मावशीला तेव्हाच संशय यायला हवा होता.

अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी सकाळी वकीलकाका काळा कोट घेऊन आले. हे काका म्हणजे कोर्टात चाळीस वर्षं झिजलेला उंच, वाकलेला माणूस. त्यांचा कोट त्यांच्याहून जास्त झिजलेला, आणि दर वर्षी मावशी त्याला नवं अस्तर लावून द्यायची. कोट काउंटरवर ठेवत ते सहज म्हणाले, "काय हो, काल कोर्टात तुमच्या नावाचा पुकारा झाला. तीनदा. कुणी उठेना. मला वाटलं, आजारी आहात की काय."

"माझ्या नावाचा?" मावशी म्हणाली. "मला काही आलंच नाही."

मागच्या खोलीत काजेवालीचा हात थांबला. ही अठरा वर्षं मावशीकडे काज-बटण करणारी बाई. तोंडाने फटकळ, कानाने तिखट. ती दारात येऊन उभी राहिली आणि तिने मावशीकडे नाही, थेट पोस्टमनकडे पाहिलं. पोस्टमन खडूचे तुकडे रंगाप्रमाणे लावण्यात गढून गेला होता.

"अहो," मावशी म्हणाली.

"अगं, ते मी परत पाठवलं," तो म्हणाला. "रीतसर."

मावशीचा आवाज चढला नाही. तिचा आवाज चढला नाही की घरातले जास्त घाबरत. काकांनी मात्र कपाळाला हात लावला आणि तिथंच स्टुलावर बसले. मग त्यांनी समजावून सांगितलं. कोर्टाचं समन्स नाकारलं तरी ते पोचलं असंच धरतात. ज्या दिवशी यांनी झोकदार सही केली, त्याच दिवशी मुदत सुरू झाली. उत्तर द्यायला तीस दिवस, त्यांतले अठरा पाण्यात. शिवाय खोलीत पाऊल ठेवायला तुम्हाला आत्ताच मनाई करावी, असा अर्जही सोबत आहे, आणि त्याची तारीख आठ दिवसांवर. त्या दिवशीही कुणी उभं राहिलं नाही तर कोर्ट एकाच बाजूचं ऐकून निकाल देईल.

"म्हणजे मी गप्प राहिले तर त्याचं खरं?"

"गप्प राहिलात तर त्याचंच खरं."

"पण दावा आहे कुणाचा?"

काका घसा खाकरून म्हणाले, "धाकट्या मालकांचा."

मावशीच्या पायाखालची जमीन सरकली. जागेचे थोरले मालक भला माणूस. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी गाळा आणि खोली दोन्ही तिला दिली, ती शब्दावर. कागदावर मात्र "दुकान" एवढाच शब्द पडला. त्या काळी कुणाला वाटलं असणार की एका शब्दाच्या पोटात किती खोल्या मावतात यावर पुढे भांडण होईल? थोरले मालक दोन वर्षांपूर्वी गेले. मागच्या बाजूचा रस्ता तेवढ्यात रुंद झाला, आणि बाहेर मोठ्या शहरात राहणाऱ्या धाकट्या मालकांना मागून काचेच्या दाराचं दुकान काढायची स्वप्नं पडू लागली. हे सगळं मावशीच्या कानावर होतं. पण तो कोर्टात जाईल असं तिला वाटलं नव्हतं. कारण धाकटे मालक म्हणजे तिच्या लेखी अजूनही शर्टाची बटणं चावून चावून तोडणारा तो पोरगा होता. दर महिन्याला त्याची बटणं तिने फुकट लावून दिली होती, आणि त्याला नावही ठेवलं होतं बटण.

दुसऱ्या दिवशी काकांनी वकीलपत्रावर मावशीची सही घेतली आणि कोर्टातून दाव्याची नक्कल आणली. कापणीच्या टेबलावर कागद पसरले. चौदा पानं, अकरा कलमं. काका वाचत गेले, मावशी ऐकत गेली. कलम चारपाशी तिने हात वर करून त्यांना थांबवलं.

"पुन्हा वाचा."

काकांनी वाचलं. मागील खोली ही वादीची लहानपणापासून अभ्यासाची खोली होती आणि ती कायम कुलूपबंद असे. वादीचे वडील आजारी असताना, दोन वर्षांपूर्वी, प्रतिवादीने मधल्या दाराचं कुलूप तोडून खोलीत बेकायदा घुसखोरी केली.

"अभ्यासाची," काजेवाली म्हणाली. "तो आणि अभ्यास."

मावशी हसली नाही. तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त दुखलं होतं. घुसखोरी म्हणे. याच खोलीत तिची कंबर गेली, याच खोलीत केस पिकले. दारातून आत येताना आजवर कधी तिला वाटलं नव्हतं की आपण कुणाच्या घरात शिरतोय.

काकांनी खिशातून एक तयार मसुदा काढला. त्यांच्याकडे कैफियतीचा, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराचा, एक ठरलेला साचा होता, आणि चाळीस वर्षं त्यांनी त्यात फक्त नावं बदलली होती. "दाव्यातील कलम एक ते अकरा मधील सर्व मजकूर खोटा असून प्रतिवादीस तो नाकबूल आहे. बस. इथं सही करा."

"सगळाच खोटा?"

"सगळाच नाकारायचा असतो, बाई. रीत आहे."

मावशीने हळूच नवऱ्याकडे पाहिलं. तो बिचारा कोपऱ्यात नाक मुठीत धरून बसला होता. "काका," ती म्हणाली, "सगळं नाकारणारा एक माणूस घरात आहे माझ्या. त्याने काय झालं ते बघितलंत ना. मला एकेक कलम उसवून बघू द्या."

आणि तिने खरंच तसंच केलं. जुना कपडा बिघडला तर ती वरून ठिगळ लावत नसे. एकेक टीप उसवायची, कुठला तुकडा कामाचा, कुठला टाकायचा, हे बघायची, मग नव्याने जोडायची. तिने खडू घेतले. खरं असेल त्या कलमाला पांढरी रेघ, खोटं असेल त्याला लाल, आणि आपल्याला माहीतच नाही त्याला निळी. काका आधी वैतागले, मग त्यांनी चष्मा पुसला, मग ते मुकाट्याने बघत राहिले. जागा थोरल्या मालकांची होती: पांढरी. धाकटे मालक एकुलते वारस: निळी, तिला काय ठाऊक. कुलूप, घुसखोरी: लाल, आणि ती रेघ इतकी जोरात की खडू मोडला.

मग कलम सहा. मालकी सिद्ध करायला त्याने लिहिलं होतं की सर्व दारं, खिडक्या आणि मधली चौकट यांना वादीच्या वडिलांनी बारा वर्षांपूर्वी स्वतः हिरवा तेलरंग देऊन घेतला, त्यानंतर आजतागायत रंग दिलेला नाही, आणि सोबत रंगाऱ्याचं बिल जोडलं होतं.

"हे खरं आहे," मावशी म्हणाली. "त्या रंगाऱ्याने माझे सहा नवे फ्रॉक हिरवे केले होते. पांढरी रेघ."

"अहो, हे मान्य केलं तर त्याची बाजू बळकट नाही का होणार?" पोस्टमनने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"खरं ते खरं," ती म्हणाली आणि उठली. तो रंग आता कसा झालाय ते बघावं म्हणून ती चौकटीपाशी गेली. आतल्या अंगाला, खोलीच्या बाजूने, तिने चौकटीवरून बोटं फिरवली. आणि बोटं थांबली.

रंगाखाली खाचा होत्या. खालपासून वरपर्यंत, कितीतरी. त्या तिनेच पाडल्या होत्या. फार पूर्वी, शाळा सुरू व्हायच्या आधी मुलं माप द्यायला आली की ती त्यांना खोलीत घेऊन चौकटीला पाठ लावून उभं करायची आणि डोक्याच्या उंचीवर कात्रीच्या टोकाने खाच पाडायची. पोरगं वर्षाला किती वाढतं ते कळलं की तळाला दुमडीचं कापड किती ठेवायचं ते ठरायचं, म्हणजे पुढच्या वर्षी दुमड उसवून तोच गणवेश लांब करता यायचा. खडूने खूण केली तर पुसली जाते म्हणून खाच. आणि खाच कुणाची ते कळावं म्हणून शेजारी काज पाडायच्या पोकळ छिन्नीने आणि दाभणाने एकेक चिन्ह: कुणाची सुई, कुणाचं रीळ, कुणाची कात्री. रंगाऱ्याने वरून दोन हात मारले आणि सगळं हिरव्यात बुडालं. पुढे शाळेने उंचीचा छापील तक्ता दिला आणि मावशी खाचा विसरून गेली होती.

तिचा अंगठा खाली सरकला. एक गोल आणि त्यात चार भोकं. त्याच्या वर आणखी एक. त्याच्या वर आणखी. सात.

"काका," ती म्हणाली, "इकडे या."

काकांनी पाहिलं, बोट लावलं, पुन्हा पाहिलं. मग वकील तो वकीलच. "समोरचा म्हणेल, या काल पाडल्या."

"काल पाडल्या असत्या तर रंग फुटला असता आणि आतलं लाकूड उघडं पडलं असतं. बघा नीट. रंग खाचेच्या आत उतरलाय, तळापर्यंत, एकसंध. आधी खाच, मग रंग. आणि रंग कधीचा?"

काकांनी टेबलावरच्या कागदांकडे मान वळवली.

"कलम सहा," मावशी म्हणाली. "तोच सांगतोय. बिलासकट. बारा वर्षांपूर्वी रंग दिला तेव्हा माझ्या खाचा होत्याच. आणि दार कुलूपबंद असतं तर मी आतल्या अंगाला उभी राहून त्या पाडल्या कशा?"

काका परत स्टुलावर बसले. चाळीस वर्षं ज्या साच्यावर पोट भरलं, तो त्यांनी घडी करून खिशात घातला. "जरा चहा सांगता का?" ते म्हणाले. "लिहायला वेळ लागणार आहे. आज पहिल्यांदाच सगळं लिहायचंय."

कैफियत तयार झाली ती अशी. कलम एक मान्य. कलम दोन माहीत नाही. कलम चार पूर्णपणे खोटे, नाकबूल. आणि मधोमध, काकांनी स्वतःच्या हाताने दोनदा अधोरेखित केलेलं: कलम सहा मान्य. त्याच्या खाली चौकटीचा सगळा मजकूर. जोडीला चौकटीचे फोटो, आणि खाचांतल्या तिघांची प्रतिज्ञापत्रं. त्यांतला एक आता बस चालवत होता, एक दातांची डॉक्टर होती, आणि तिसऱ्याला त्याची खाच कुठली ते विचारलं तर तो म्हणाला, रीळ, आणि खोलीत शिरून सरळ तिच्यापाशी जाऊन उभा राहिला.

तारखेच्या दिवशी मावशी इस्त्रीची साडी नेसून कोर्टात गेली. बाकांवर घामाचा आणि जुन्या कागदांचा वास. पुकारा झाला तेव्हा ती एवढ्या झटक्यात उठली की शेजारची बाई दचकली. न्यायाधीश चष्म्यावरून बघणाऱ्या एक पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी आधी पहिल्या तारखेचं विचारलं.

"समन्स कुणी नाकारलं?"

पोस्टमन उभा राहिला. "मी, साहेब. हिला काही ठाऊक नव्हतं. तीस वर्षं टपाल वाटलं. नाकारलं की परत जातं, एवढंच मला माहीत."

"पत्र परत जातं," न्यायाधीश म्हणाल्या. "दावा जात नाही."

"आता कळलं, साहेब."

सगळे हसले, न्यायाधीशांच्या ओठांच्या कडाही हलल्या, आणि कैफियत घेतली गेली. मावशीने त्या क्षणी नवऱ्याला मनातून माफ करून टाकलं. घरी मात्र ते तिने आणखी चार दिवस कळू दिलं नाही.

धाकट्या मालकांचा वकील तावातावाने म्हणाला की खाचा बनावट आहेत. मग न्यायाधीशांनी कोर्ट कमिशनर नेमला, म्हणजे कोर्टाच्या वतीने जागेवर जाऊन बघणारा माणूस. तो आला, भिंग घेऊन आला. सोबत दोन्ही वकील, आणि धाकटे मालकही. इस्त्रीच्या कपड्यांत, हातात गाडीची किल्ली, तोंडावर बेफिकिरी. कमिशनर एकेक खाच तपासून लिहीत होता. धाकटे मालक कंटाळून चौकटीला टेकले, आणि त्यांची नजर खाली गेली. गोल, चार भोकं. ते वाकले. बोट लावलं. मग वरच्यावर, मग त्याच्या वरच्यावर. किल्ली त्यांनी खिशात घातली. मावशी मशीनवर बसून सगळं बघत होती आणि टीप घालत होती.

पुढच्या तारखेला अहवाल वाचला गेला. सर्व खाचा रंगाच्या थराखाली, रंग अखंड. न्यायाधीशांनी दाव्याचं कलम सहा मोठ्याने वाचलं आणि धाकट्या मालकांना उभं केलं.

"हे बिल तुम्हीच जोडलंय?"

"हो."

"त्यानंतर पुन्हा रंग दिला नाही, हेही तुमचंच म्हणणं?"

"हो."

"चौकटीवर सात खाचांशेजारी बटणाचं चिन्ह आहे. ते कुणाचं, याची वादीला काही माहिती?"

त्यांच्या वकिलाने झटकन नकाराची मान हलवली. धाकटे मालक एकदा वकिलाकडे बघत राहिले, एकदा मावशीकडे. मावशीने मान वळवली नाही. अगदी पूर्वी, मापाला उभं केल्यावर हा चुळबूळ करायला लागला की ती जसं बघायची, तशीच बघत राहिली: सरळ उभा राहा, मान वर.

"माझं," ते म्हणाले. "मला बटण म्हणायचे."

त्यांच्या वकिलाने फाइल मिटली. मनाईचा अर्ज त्याच दिवशी फेटाळला गेला. मागच्या बाकावरून काजेवालीने "घ्या" एवढंच म्हटलं. शिपायाने दटावलं, तर ती म्हणाली की मला खोकला आला होता. काका बाहेर आले ते पाठ ताठ करून, आणि त्यांची उंची खरी किती आहे ते मावशीला पहिल्यांदा कळलं. पायऱ्यांवर तिने डोळे पुसले. आपण रडतोय हे तिने कुणापासून लपवलंही नाही. मनाई टळली होती, दावा मात्र अजून उभा होता. पण एकतीस वर्षांचं खरं तिने भर कोर्टात त्याच्याच तोंडून वदवून घेतलं होतं. असा आनंद माणसाला किती वेळा मिळतो?

दोन महिन्यांनी एका दुपारी नव्या पोस्टमनने काउंटरवर लांबोडका लखोटा ठेवला. कोर्टाचा शिक्का, मावशीचं नाव. जुन्या पोस्टमनने तो दोन्ही हातांनी घेतला. सही करा म्हटल्यावर त्याने केली, खाली पूर्ण नाव लिहिलं, आणि आणखी कुठे करायची आहे का, असंही विचारलं. मग तो लखोटा घेऊन मागच्या खोलीत गेला. तिन्ही मशीन चालू होती. शाळा सुरू व्हायला आठवडा उरलेला, टेबलावर निळ्या कापडाचे ढीग.

मशीनच्या आवाजात ऐकू जावं म्हणून त्याने ओरडून वाचलं. वादीने दावा बिनशर्त काढून घेतला आहे. दुकानामागील खोली प्रतिवादीस एकतीस वर्षांपासून भाड्याने दिलेली असून तिचा ताबा कायदेशीर आहे, हे वादीस मान्य आहे.

काजेवालीने मशीन थांबवलं. हंगामापुरत्या ठेवलेल्या मुलीने थांबवलं. मावशीने मशीनच्या पायडलवरचा पाय उचलला, आणि खोलीत फक्त खिडकीचा उजेड उरला.

"काय म्हणालात?" तिने विचारलं. तिला ऐकू गेलं होतं.

"मान्य आहे," पोस्टमन म्हणाला.

"आता सावकाश वाचा," मावशी म्हणाली. "सुरुवातीपासून."